मिठाची वही



चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नामपूरला घरी होतो. सकाळी मामी आल्या. मोसम नदीच्या काठाने जी गावे आहेत, त्यांतल्या एका गावात आमचे मामा-मामी राहतात. मामींनी पदराची गाठ सोडली आणि आमच्यापुढे मूठभर माती ठेवली. काळ्या मातीवर पांढरा थर होता. बोटाला लावून जिभेवर ठेवला, तर खारट.

"बघ बाबा, आम्ही आता मीठ पिकवतो," मामी म्हणाल्या. "कांदा लावला तर शेंडे करपतात. गहू पेरला तर ठिगळं पडतात. तुझे मामा म्हणतात, विकून टाकू. तू शिकलेला आहेस. काय करायचं सांग."

आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झालेलो. जमा-खर्च कळतो, माती कळत नाही. तरी मामींना रिकाम्या हाताने परत पाठवणे जमले नाही. त्या मूठभर मातीने आम्हांला पुढच्या चार वर्षांत जे शिकवले, ते आज या सदरात मांडतो आहोत. आपल्या समाजात ज्यांच्या नावावर एक-दोन एकर जमीन आहे, त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांच्या नावावर काही नाही, पण उद्या एखाद्या योजनेतून मिळू शकते, त्यांच्यासाठीही आहे.

आधी ही जमीन आली कुठून ते सांगतो. मामांचे वडील १९६४ सालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. त्यांच्या हाकेला ओ देऊन आपली साधी माणसे, बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. पुढे सरकारी पड जमिनीतला दीड एकराचा तुकडा मामांच्या वडिलांच्या नावावर झाला. गावाच्या सखल बाजूचा, ओहोळाच्या कडेचा, कोणाला नको असलेला. आपल्या वाट्याला जमीन आली ती बहुतेक अशीच, उरलेली. पण त्या तुकड्याने मामांच्या बापाला दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या बांधावर आणले, हे विसरता येत नाही.

आता हाच तुकडा विकायचा विषय निघाला होता. गिऱ्हाईकही तयार होते, खालच्या शेताचे मालक. म्हणे, जमीन मेलेली आहे, तरी शेजारधर्म म्हणून काहीतरी देतो. कागद साध्या स्टॅम्पपेपरवर करायचा होता. आम्ही मामांचा सातबारा मागवला. त्यावर लिहिले होते 'भोगवटादार वर्ग २'. वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे. सरकारने दिलेली अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. स्टॅम्पपेपरवर अंगठा दिला, तर कायद्याने व्यवहार टिकत नाही, पण जमिनीचा ताबा मात्र जातो. आम्ही मामांना म्हणालो, "मामा, सही करू नका. एक पावसाळा थांबा."

मामांचा मुलगा नाशिकला कारखान्यात कामाला आहे. तो फोनवर म्हणाला, "दादा, त्या पांढऱ्या जमिनीत काय ठेवलंय? विकू द्या ना." त्यावर मामींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "जमीन गेली की तुझी पोरं पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर." विषय तिथे संपला. पण जमीन पांढरी होती ती होतीच.

चूक आमची

आमच्या डोक्यात आले, मीठ आहे ना, मग धुऊन काढू. कपड्याचा मळ पाण्याने जातो, तसे हे जाईल. आम्ही मामांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की उन्हाळ्यात बोअर चालू ठेवा आणि शेत भरभरून भिजवा. मामांनी भाच्याच्या शिक्षणावर विश्वास ठेवला. दोन महिने मोटर चालली. मे महिन्यात आम्ही जाऊन पाहतो, तो पांढरा थर दुप्पट! खालच्या बाजूला तर जमीन दगडासारखी झाली होती. पाय ठेवला तर खट्ट वाजावे.

असे का झाले? याचे उत्तर आपल्या घराच्या भिंतीत आहे. जुन्या घराच्या भिंतीला खालून लोणा लागतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढते, हवेने पाणी उडून जाते, आणि पाण्यातले मीठ मात्र भिंतीवर राहते. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशीच काळी माती पाणी वर ओढते. ऊन पाणी घेऊन जाते, मीठ घेऊन जात नाही. जमिनीखाली पाण्याला निघून जायला वाट नसेल, तर वरून जितके पाणी द्याल तितके खालचे पाणी वर येते आणि पृष्ठभागावर मीठ सोडून जाते. शेताला लोणा लागतो तो असा.

आणि दुसरी गोष्ट. आम्ही ज्या बोअरच्या पाण्याने धुवायला सांगितले, ते पाणीच खारे होते. ते आम्ही तपासले नव्हते. मग माती आणि पाणी दोन्ही प्रयोगशाळेत दिले. पाण्याच्या क्षारतेचा आकडा आला दीड. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण एक ग्रॅम क्षार. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. त्याने काय होते, असे वाटेल. पण कारकुनाच्या हातात आकडा आला की तो वही उघडतो. आम्हीही उघडली.

एका एकराला दोन इंच पाणी दिले, तर ते होते सुमारे दोन लाख लिटर. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे दोनशे किलो क्षार. रब्बी कांद्याला अशी बारा पाणी दिली, तर २४ क्विंटल. पन्नास किलोच्या ४८ गोण्या! मामा बाजार समितीत कांद्याच्या गोण्या नेत होते, आणि शेतात दर हंगामाला मिठाच्या ४८ गोण्या आणून ओतत होते. स्वतःच्या विजेने, स्वतःच्या मोटरीने. पीक पाणी पिते, पण क्षार बहुतेक मातीतच सोडते. जमेच्या बाजूला दरवर्षी ४८ गोण्या आणि खर्चाच्या बाजूला शून्य. अशी वही कोणत्याही दुकानदाराला बुडवील. ती जमिनीला बुडवत होती.

मामींना हा हिशेब सांगितला, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कमी पाणी दिलं असतं तर कमी मीठ आलं असतं." आम्ही चार महिने पुस्तके चाळून जे शोधले, ते मामींनी एका वाक्यात सांगितले.

हे दुखणे नवे नाही

हे फक्त मामांच्या शेताचे दुखणे नाही. पुणे जिल्ह्यात नीरा नदीचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. दुष्काळी भागात पाणी आले, ऊस आला, पैसा आला. आणि पंचवीस वर्षांच्या आत त्या खोऱ्यातल्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपले सहकारी ताम्हणे यांच्याबरोबर त्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला. तो १९१० साली प्रसिद्ध झाला. याच मान यांनी पुढे पुण्यातल्या अस्पृश्य वस्त्यांचीही पाहणी केली होती. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ हे माहीत आहे, की पाणी आणले पण पाणी काढले नाही, तर जमीन जाते.

राजस्थानच्या वाळवंटात मोठा कालवा नेला. आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. जिथे पाण्याच्या थेंबासाठी माणूस वणवण फिरत होता, तिथे काही वर्षांत हनुमानगड, श्रीगंगानगरच्या बाजूला शेतात पाणी वर येऊन उभे राहिले. तिथले लोक त्याला 'सेम' म्हणतात. वाळवंटात दलदल आणि दलदलीत मीठ! आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या ऊसवाल्या गावांत हजारो एकर जमीन अशीच क्षारपड झाली. पाणी कमी असलेल्या वाळवंटातही तेच, आणि बारमाही पाणी असलेल्या कृष्णाकाठीही तेच. म्हणजे दोष नुसता पाण्याचा नाही. दोष अर्ध्या कामाचा आहे. पाणी येण्याची वाट आपण करतो, जाण्याची करत नाही.

आता आपल्या मोसमकाठाची गोष्ट ऐका. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि सगळ्या गावाची ओलिताची जमीन बहुधा चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. कोणत्या फडाला यंदा पाणी द्यायचे आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे सगळे मिळून ठरवत. आणि जास्तीचे पाणी काढून देण्यासाठी सांडम ठेवलेले असत. बिनशिकलेल्या माणसांना कळत होते, की शेताला दोन दारे लागतात, एक पाणी आत यायला आणि एक बाहेर जायला. आणि जमिनीला पाण्यापासूनही विसावा लागतो.

फडाचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. फडात ज्याची जमीन त्याचेच पाणी. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला पाण्याच्या वाटपात जागा नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिने हा नियम बदलला. तिथे पाणी जमिनीवर नव्हे, माणशी ठरवले. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा दिला, आणि जास्त पाणी खाणारा ऊस लावायचा नाही असे ठरवले. थोडे पाणी सगळ्यांना. त्यात न्यायही होता आणि जमिनीची राखणही होती.

खारवट वेगळी, चोपण वेगळी

प्रयोगशाळेच्या कागदाने आम्हांला आणखी एक गोष्ट शिकवली. मामांच्या दीड एकरात आजार एक नव्हता, दोन होते.

वरचा एक एकर खारवट होता. तिथे पांढरा थर दिसे, पण माती भुसभुशीत. मातीच्या क्षारतेचा आकडा पाच. चारच्या वर गेला की जमीन खारवट समजतात. आता हा पाच कोणाला किती बाधतो, ते पाहा. कांदा मोठा नाजूक. आकडा सव्वाच्या आसपास गेला, की त्याचे उत्पन्न घटू लागते. चारपर्यंत गेला, तर जवळजवळ निम्मे पीक जाते. गहू मात्र सहापर्यंत तग धरतो. कपाशी साडेसातपर्यंत. आपला सगळा मुलूख कांद्याचा, आणि कांदाच मिठाला सगळ्यांत आधी हार जाणारा. मामांचा कांदा करपत होता त्यात मामांचा आळस नव्हता, की नशीब नव्हते.

खालचा अर्धा एकर चोपण होता. तिथे पांढरे कमी, पण माती ओली असता चिखल आणि वाळली की दगड. सामू ९.१. साडेआठच्या वर सामू आणि पंधरा टक्क्यांच्या वर सोडियम असेल, तर जमीन चोपण. यात सोडियम हा क्षार मातीच्या कणाला चिकटून बसतो. कण फुटतात, मातीची छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, मुळाला हवा मिळत नाही. अशी जमीन नुसत्या पाण्याने धुतली तर आणखी बिघडते. आम्ही नेमके तेच करायला लावले होते.

खारवट जमिनीला पाण्याची वाट आणि पावसाचे पाणी पुरते. चोपण जमिनीला आधी औषध लागते. ते औषध म्हणजे जिप्सम. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणावरून ढकलून बाहेर काढतो, आणि मग पाऊस त्याला धुऊन नेतो. जमिनीत चुनखडी जास्त असेल, तर जाणकार गंधक सुचवतात. मातीतले जंतू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतलाच कॅल्शियम मोकळा करते. किती टाकायचे, हे प्रयोगशाळा सांगते. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही तेवढेच टाकायचे, हे चालत नाही. डॉक्टरने एकाला दिलेली गोळी दुसऱ्याने खाण्यासारखे ते आहे.

वाट अडली होती

पण औषधाआधी वाट. मामांच्या शेताच्या खाली पूर्वी ओहोळ होता. खालच्या मालकांनी तो माती टाकून बुजवला आणि वरून बैलगाडीची वाट केली. तेव्हापासून मामांच्या शेतात पाणी तुंबायला लागले. जमीन 'मेली' ती आपोआप मेली नव्हती.

नैसर्गिक ओहोळ कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मामांनी वर्षानुवर्षे अर्ज केला नव्हता. कोणाशी वैर नको, म्हणून गप्प बसले. वाचकहो, आपला समाज रस्त्यावर उतरायला घाबरत नाही, पण एक साधा अर्ज मुदतीत द्यायला मात्र विसरतो. त्याची किंमत मामांनी दीड एकराने मोजली.

कायद्याची मुदत गेली होती. मग आम्ही वस्तीतले चौघेजण खालच्या मालकांकडे गेलो. भांडायला नाही. त्यांच्याच बांधाखाली नुकतेच पांढरे फुटू लागले होते. वरचे तुंबलेले पाणी बुजवलेल्या मातीतून झिरपून त्यांच्याकडे निघाले होते. आम्ही ते त्यांना दाखवले आणि म्हणालो, "काका, आज आमचं, उद्या तुमचं. मिठाला जात कळत नाही." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी निरोप आला, की गाडीवाटेखालून सिमेंटचा नळ टाकू, निम्मा खर्च तुमचा. वस्तीतल्या पोरांनी दोन रविवार श्रमदान करून शेताच्या दोन्ही बाजूंनी कमरेइतके खोल चर खणले. बायांनी भाकरी आणल्या. निम्म्या खर्चाचे पैसे मामींच्या बचत गटाने कर्जाऊ दिले. पहिल्या जोरदार पावसात त्या नळातून गढूळ पाणी धो धो वाहिले. मामा काठीवर हात टेकून ते बघत उभे राहिले. म्हणाले, "एवढ्या वर्षांचं तुंबलेलं चाललंय."

पुढचे काम असे झाले. पावसाळ्याआधी शेत सपाट करून लहान लहान वाफे केले आणि त्यांना बांध घातले, म्हणजे पावसाचे पाणी वाहून न जाता जागच्या जागी मुरेल. जाणकार सांगतात, की फूटभर पाणी मातीत उभे राहून खाली निघून गेले, तर फूटभर थरातले सुमारे ८० टक्के विद्राव्य क्षार जातात. पाऊस तसा एका वेळी पडत नाही, म्हणून दोन-तीन पावसाळे धरावे लागतात. पण पावसाचे पाणी गोड आणि फुकट. आमची उन्हाळ्यातली मोटर खारी आणि विकतची.

खालच्या अर्ध्या एकरात शिफारशीप्रमाणे जिप्सम पसरून वरच्या चार-पाच इंच मातीत मिसळले. शेणखत घातले. पाऊस पडताच सगळीकडे धैंचा पेरला, एकरी साधारण २० किलो. धैंचा खाऱ्या जमिनीतही उगवतो. त्याची मुळे कडक माती फोडतात. फुलोऱ्याच्या सुमाराला, दीड महिन्यात, तो जमिनीत गाडला. त्या रब्बीत कांदा लावला नाही. मामांचा जीव तुटला, पण वरच्या एकरात गहू पेरला. पूर्वी मामा वार बघून मोटर सुरू करत. आता वीतभर खाली हात घालून, ओल पाहूनच पाणी दिले. पिकाच्या ओळींमध्ये काडीकचरा, पाचट पसरले, म्हणजे ऊन मातीला वातीसारखे ओढणार नाही.

तिसऱ्या वर्षी ठिबक आले. ठिबकने पाणी एक तृतीयांश वाचले, तर त्या ४८ गोण्यांतल्या १६ गोण्या मीठ शेतात येतच नाही. यात एक खाच आहे, ती सांगून ठेवतो. ठिबकात मीठ ओल्या गोळ्याच्या कडेला साठते. पहिला हलका पाऊस पडला, की ते आत मुळाकडे सरकते. म्हणून पावसाच्या पहिल्या सरीत ठिबक बंद करू नये, थोडा वेळ चालू ठेवावे. आणि दर पावसाळ्यात जमीन एकदा चांगली धुतली जाईल, इतकी वाट खुली ठेवावी.

आज काय स्थिती आहे? आम्ही वाढवून सांगणार नाही. तीन पावसाळ्यांनंतर वरच्या एकराचा आकडा पाचावरून दोनवर आला. गहू, बाजरी नीट येते. यंदा वरच्या दहा गुंठ्यांत कांदा लावला. पूर्वीसारखा नाही, पण पाती हिरवी राहिली. खालच्या चोपणाचा सामू ९.१ वरून ८.६ झाला. तरी सहा-सात गुंठे अजून तसेच आहेत. तिथे मामी दरवर्षी धैंचा टाकतात. बचत गटाचे कर्ज फिटले. जमीन विकायचा विषय आता घरात निघत नाही.

आपण काय करावे

पहिली गोष्ट घरात करण्यासारखी आहे. पोरांनाही करू द्या. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले पाणी घ्या. शेतातली वाळलेली ढेकळे त्यात अलगद सोडा, ढवळू नका. काही तासांनी पाहा. ढेकूळ विरघळून पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि तसेच राहिले, तर जमीन चोपण होत असल्याची शंका घ्या. पांढरा थर असून पाणी नितळ राहिले, तर बहुधा खारवट. हा फक्त इशारा आहे, निकाल प्रयोगशाळेचाच.

दुसरी गोष्ट, माती तपासणी. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन बाजूची माती काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका. असे करत अर्धा किलो उरू द्या. पांढऱ्या पट्ट्याची माती वेगळी द्या. खताच्या गोणीत माती नेऊ नका. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून देशभर आहे. तिची सुरुवात राजस्थानातल्या सुरतगडला, वाळवंटाच्या दारातच झाली होती. बोअरचे पाणीही तपासा. मोटर थोडा वेळ चालवून, बाटली त्याच पाण्याने खळखळून मग भरा.

तिसरी गोष्ट योजनांची. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत विहीर, विहीर दुरुस्ती, ठिबक, शेततळ्याचे अस्तरीकरण यांना अनुदान आहे. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा. भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. तिच्यात चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. ज्यांना ती मिळणार आहे, त्यांनी कागद घेण्याआधी एक मूठ माती पेल्यात टाकून पाहावी, प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, आणि पाणी बाहेर जायची वाट कुठे आहे हे पायी फिरून पाहावे. उरलेली जमीन आपण पुष्कळ वर्षे घेतली.

चौथी गोष्ट, एकट्याने हे होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले. त्यांनी शेताखाली छिद्रांचे पाइप टाकून, सगळ्यांचे पाणी एका मोठ्या नळीने बाहेर काढून क्षारपड जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. तिथेही एकाच्या शेतातला पाइप दुसऱ्याच्या शेतातून गेला, तेव्हाच काम झाले. बांधावरून भांडणाऱ्या गावात हे होऊ शकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. जमिनीचा तुकडा लहान आहे म्हणूनच तो तोट्याचा, हे त्यांनी मान्य केले नाही. त्यावर खर्चायला भांडवल किती, साधने किती, यावर नफा-तोटा ठरतो असे त्यांनी मांडले, आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी उद्योगधंदे वाढवा असे सांगितले. मामांचा मुलगा कारखान्यात जातो ते ठीकच आहे. पण त्याच्या पगारातला थोडा भाग जिप्समला आणि चराला लागला, म्हणून दीड एकर मेला नाही.

परवा मामी पुन्हा आल्या होत्या. पदराची गाठ सोडली. आम्हांला वाटले, पुन्हा माती. निघाले चार कांदे. म्हणाल्या, "चव बघ. खारट नाही ना?"

आम्ही कच्चाच फोडून खाल्ला. तिखट होता.

जयभीम!